आधी जेवा, मग तार

अप्पा, तुमच्यावर चिडायला मला निमित्त लागत नाही. अमेरिकेतला नातू फोनवर तोंड दाखवून "आज्जी, जेवलीस का?" विचारतो, आणि माझं डोकं फिरतं ते तुमच्या त्या नियमापायी. सत्तर सालानंतरची ती वर्षं. ट्रंक कॉल लावायचा तर पोस्टात ताटकळायचं, आणि तार आली की कुणीतरी गेलं, हे आपल्या घरात ठरलेलं. म्हणून तुमचा हुकूम: तार भिंतीतल्या देवळीत ठेवायची, सगळ्यांनी पोटभर जेवायचं, मगच फोडायची.

त्या दिवशी तुम्ही सोलापुरातल्या नवी पेठेतलं दुकान उघडायला निघण्याआधी जेवायला बसत होतात. दारात तारवाल्याची सायकल थांबली आणि आईने सूर लावला, "माझ्या अक्काचं कायतरी झालं की वो!" मी भाकरी टाकून धावले. "अप्पा, माझ्या नावाची हाय की, द्या." तुम्ही तार देवळीत ठेवून पाटावर बसलात. "नाव कुणाचं बी असू दे. वाचली की घास उतरायचा न्हाय. आदी जेवा." आणि काय ते सावकाश जेवणं! आई डोळे पुसत भाकरी मोडतेय, मी बकाबका गिळतेय, आणि तुम्ही वर ताक मागताय. हात धुऊन तार फोडली. पुण्याच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची जागा होती, आज संध्याकाळपर्यंत हजर व्हा, नाहीतर दुसरीला देऊ. पुण्याची गाडी आपण जेवत असतानाच सुटली होती. दुसऱ्या दिवशी मी पोचले तर त्या खुर्चीत दुसरी मुलगी कानाला यंत्र लावून बसलेली. परत आले तर तुम्ही म्हणता, "कुणी मेलं न्हाय, हे काय कमी हाय का?" काय बोलणार अशा माणसाशी!

पुढे पुण्यातच दुसरी नोकरी लागली. तिथे एकदा डबा उघडत होते, आणि घरून तार आली. मी शिकलेली, सुधारलेली. उभ्या उभ्या फोडली. तुम्ही गेला होतात. डबा तसाच राहिला. सोलापूरच्या गाडीत पोटात भुकेने कळा येत होत्या, आणि भूक लागते याचीच लाज वाटत होती. घरी चूल थंड होती. जेवलीस का, कुणी विचारलंही नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. तुम्ही म्हणाला असतात, मी सांगितलं होतं की. पण खरं सांगते अप्पा, त्या दिवशी मला पहिलं रडू आलं ते तुम्ही गेलात म्हणून नव्हे, मला आधी जेवायला बसवणारं घरात कुणी उरलं नाही म्हणून.