जागेचा दोष

मामा,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही. पाठवलं तर तू माझ्या ॲपवरची तुझ्या मजल्याची जाहिरात काढून टाकशील आणि वॉचमनकाकांवर उखडशील. नाव त्यांचं दिलंस खरं, पण फोटो तूच काढलेस. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तुझा अंगठा आलाय!

तुझं दलालीचं ऑफिस सोडून मी रिकाम्या ऑफिसांचं ॲप काढलं, तेव्हा तू म्हणालास, "भाडेकरू माणूस आणतो, फोन नाही." झालं, तीन वर्षं अबोला. पण ॲपमधला पहिला रकाना तुझाच आहे रे. "आधी जागेचा दोष सांगायचा, मग जागा दाखवायची," हे तूच शिकवलंस. तो रकाना भरल्याशिवाय माझं ॲप जाहिरात घेतच नाही. सगळे मालक तिथे "काही नाही" लिहून मोकळे होतात. काल मात्र वॉचमनकाकांच्या नावाने आलेल्या जाहिरातीत लिहिलं होतं, "जिन्याची चौथी पायरी उंच आहे. भाची लहानपणी पडली होती."

वॉचमनकाका एकुलते एक. त्यांना भाची कुठून आली? मी इतकी हसले, की अख्खं ऑफिस काम सोडून बघायला आलं.

तुझा मजला आम्हीच भाड्याने घेतलाय, घासाघीस न करता. सोमवारी चावी घ्यायला कंपनीतर्फे कोण येणार, हे तुला ठाऊक नाही. नवा भाडेकरू आला की त्या पायरीवर तू स्वतः हात देतोस. या वेळी वर पोचल्यावरही तो हात सुटणार नाही.

तुझी,
हनुवटीवर अजून खूण असलेली भाची