दुसरी घागर

बापू, तुम्ही मेलात की नाही हे उद्या कोर्ट ठरवणार आहे. हसू नका. वकीलबाईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मलाही हसूच आलं होतं. त्या म्हणाल्या, भाई, माणूस घरातून निघून गेला आणि सात वर्षं त्याच्या माणसांना त्याची काही खबर लागली नाही, तर कायदा त्याला मेलेला धरतो. पण आपोआप नाही, कोर्टाकडून तसं म्हणवून घ्यावं लागतं. म्हणजे पोरानं जायचं आणि हात जोडून सांगायचं, साहेब, माझा बाप मेला असं लिहून द्या. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोललो ते बोलण्यासारखं नाही. पण तुम्हाला मारायची पाळी माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. आता ती आली आहे, आणि देवाशपथ, मला दुसरा रस्ता उरलेला नाही.

माझा पाय सडतोय बापू. कडोदऱ्याला लूमच्या खात्यात कापड विणायची पाळी संपवून शेअर रिक्षा पकडायला हायवे ओलांडत होतो, टेम्पोनं उडवलं आणि तो थांबलासुद्धा नाही. नंबर कोणी पाहिला नाही. मोडलेल्या नळीच्या हाडात सळई घातली, ती आत चिघळली, पुन्हा उघडली, पुन्हा चिघळली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनंच शेवटी बाजूला घेऊन सांगितलं की हाडाच्या मोठ्या डॉक्टरकडे जा, आणि लवकर जा, नाहीतर गुडघ्याखालून काढावा लागेल. जवळ जे होतं ते संपलं, बायकोचं मंगळसूत्र गेलं, सासऱ्याकडे तोंड दाखवायला जागा राहिली नाही. राहिलं काय, तर गोडादऱ्याचं हे घर. शेजारचा घ्यायला तयार आहे, आजही तयार आहे. पण दस्तऐवज तुमच्या नावाचा. सही तुमची लागते. आणि तुम्ही दाढी करायला गेला आहात.

कोर्टाबाहेर वकीलबाईंच्या टेबलापुढं बाकडं आहे, त्यावर मी कुबडी घेऊन किती दुपारी काढल्या. तिथं येणाऱ्या लोकांचे प्रश्न ऐकून ऐकून पाठ झाले. बाप मेला तर घर आपसूक पोराचं होतं का? बहिणीला हिस्सा द्यावाच लागतो का, लग्नात तर एवढं दिलं? साध्या स्टँपवर घेतलेलं घर आपलं का? बाई सगळ्यांना एकाच सुरात उत्तर देतात, नाही होत, द्यावा लागतो, नाही. मी विचारलं, टेम्पोचा नंबरच नाही तर भरपाई मिळते का? म्हणाल्या, पळून गेलेल्या गाडीसाठी सरकारची रक्कम असते, थोडी असते, अर्ज केलाय, पण वेळ लागेल. मग मी विचारलं, आणि बाप जिवंत की मेला तेच माहीत नसेल तर? बाकड्यावरची माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. एक म्हातारा म्हणाला, अरे बाबा, आमचे बाप मरून भांडणं ठेवून गेले, तुझा तर मेलासुद्धा नाही. सगळे हसले, मीही हसलो. काय करणार?

घरी येऊन मायला सांगितलं. ती भाकर थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, "तुना बाप मरेल नई शे. तो गयेल शे. गयेल माणूस येस." मी म्हटलं, माय, अठरा वर्षं. ती म्हणाली, "घर इकी टाकशी ते तो येई कोठे?" बायको माझ्याकडे बघते, मी पायाकडे बघतो, तव्यावरची भाकर करपते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली माझी. कारण बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, तुमची जबानी पुरणार नाही, आईची पाहिजे. ज्या माणसाला त्याची खबर सगळ्यात आधी लागली असती, त्यानं सांगायला हवं.

कोर्टानं इथल्या गुजराती पेपरात जाहीर नोटीस द्यायला लावली. तुमचा फोटो, खात्याच्या गेटपासचा, कान मोठे दिसतात तो. खाली लिहिलेलं की हा इसम हयात असेल किंवा कोणाला त्याची माहिती असेल तर कळवावं. माय कधी नव्हे ती खूश झाली. तिला वाटलं, शेवटी एकदाचं पोरगं बापाला शोधायला लागलं. वकीलबाईंपुढं जाऊन म्हणाली, "बाई, मराठी पेपरमा बी द्या ना. त्याले गुजराती कोठे वाचता येस?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मराठी पेपरातही दिली बापू, आणखी पैसे भरून दिली. दोन आठवडे माय दाराकडे तोंड करून जेवली.

तुमच्यावर राग येतो तो असा की सांगता सोय नाही. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा तुम्ही मला उधन्याच्या खात्यात पहिल्यांदा नेलं, तो दिवस आठवतो. लूमच्या आवाजात काही ऐकू येत नाही, तुम्ही कानाला तोंड लावून बोलत होतात. मी चपला काढून आत आलो होतो, गावाकडं देवळात जातात तसा. फरशी तेलानं निसरडी. तुम्ही सगळ्या कारागिरांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. शेठसुद्धा वळून बघायला लागला. संध्याकाळी मला बाजारात नेलंत आणि कॅनव्हासचे बूट घेतलेत, स्वतःच्या पायात शिवलेली चप्पल असताना. नाडी बांधायला मला येत नव्हती, तर रस्त्यात खाली बसून तुम्ही बांधलीत. म्हणालात, "हात ग्या ते कोनी बी घास भराई दी. पाय ग्या ते लूमसमोर हुभा कोन ऱ्हाई?" मी तेव्हा गाल चोळत होतो. आज दवाखान्यात पट्टी सोडतात, वास सुटतो, बायको खिडकीकडे तोंड करते, आणि मला तुमचं तेच वाक्य ऐकू येतं.

आणि मग तो दिवस. तुम्ही रातपाळी करून आलात, डबा ओट्यावर ठेवलात, मायला म्हणालात चहा ठेव, मी दाढी करून येतो. मी आंघोळीला चाललो होतो. तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारलीत, रोज मारायचात तशी. चहा उकळला, मायनं खाली उतरवला, पुन्हा गरम केला, पुन्हा उतरवला. न्हावी म्हणाला आलेच नाहीत. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, काही नव्हतं. आम्ही दवाखाने पाहिले, स्टेशन पाहिलं, पोलिसात लिहून दिलं, गावी जाऊन आलो, न ओळखता येणारी मढी पाहिली. त्या मढ्यांमध्ये तुम्ही नाही म्हणून मी आनंदानं रडलो होतो, हे तेव्हाचं. आता वाटतं, एखादं असतं तर बरं झालं असतं. बघा, काय लिहून बसलो. बापू, तू गेलास कुठं रे? कुठं तोंड काळं केलंस? आग लागो त्या दाढीला. जन्मात पहिल्यांदा तुम्हाला अरेतुरे केलं. पुढं येऊन पुन्हा एक कानाखाली द्या, पण या.

जबानीची तारीख लागली तेव्हा वकीलबाईंनी मला एकट्याला बोलावलं. म्हणाल्या, सरकारी वकील विचारणार, कपाळावर कुंकू आहे, बांगड्या आहेत, मग तुम्हीच नवऱ्याला जिवंत मानता ना? श्राद्ध घालता का, हेही विचारतील. आईला समजावा. त्या वाईट नाहीत हो, त्यांना माझ्या पायाची काळजी होती. पण मायला जाऊन कुंकू पुस म्हणायचं? जिनं दर आखाजीला, अक्षय तृतीयेला, पितर म्हणून आजा-आजीची घागर भरली, पण तुमची भरू दिली नाही? मेलेल्याची घागर भरतात, माझ्या नवऱ्याची कशाला, म्हणून माझ्या चुलतीशी कायमचं वाकडं घेतलं तिनं. मी रोज तोंड उघडायचो आणि मिटायचो. शेवटी म्हटलं, जाऊ दे पाय. एका पायानं भाजी विकणारी माणसं काय कमी आहेत?

पण पाय घरात सगळ्यांशी बोलत होता बापू. त्याचा वास होता. रात्री मला ताप भरायचा तेव्हा माय मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायची. आखाजीच्या आदल्या दिवशी ती कुंभाराकडे गेली. आली तेव्हा हातात एक घागर आणि डोक्यावर एक. मला वाटलं बायकोनं पिण्याच्या पाण्याला मागवली असेल. बायकोला वाटलं मी. सकाळी मायनं खापरावर मांडे केले, आमरस केला, कुरडया तळल्या, आणि देवापुढं दोन घागरी मांडल्या. एक नेहमीची, आजा-आजीची. दुसरीवर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली, कैऱ्या ठेवल्या, आणि शेजारी पितळेचा कप ठेवला, चहाचा. तुमचा. तिनं तो अठरा वर्षं कोणाला प्यायला दिला नव्हता. मग निखाऱ्याची वाटी माझ्यापुढं सरकवली, कारण मला खाली बसता येत नव्हतं, आणि म्हणाली, "घास टाक. नाव ले." मी तिच्याकडे पाहिलं. कपाळावर कुंकू होतंच, नेहमीसारखं रुपयाएवढं. डोळे कोरडे. मला रडू आवरेना आणि ती म्हणते कशी, निखारा इझी जाई, लवकर टाक.

कोर्टातही ती तेच कुंकू लावून गेली. सरकारी वकिलानं विचारायचं तेच विचारलं, गुजरातीत, आणि वकीलबाईंनी मायला समजावून सांगितलं. तुम्हाला वाटतं नवरा जिवंत आहे? माय पिंजऱ्याचा कठडा धरून उभी होती. माझ्याकडे पाहिलं, माझ्या पट्टीकडे पाहिलं. मग साहेबांकडे बघून म्हणाली, "साहेब, तो जित्ता ऱ्हाता ते पोऱ्याना पाय ऐकीसन घर येता. इतला निर्दय नव्हता तो." बाईंनी त्याचं गुजराती केलं, जिवंत असता तर मुलाचा पाय ऐकून घरी आला असता. सरकारी वकील खाली बसला. साहेब लिहीत होते, लिहिता लिहिता थांबले आणि मायला बसायला खुर्ची द्यायला सांगितली.

रिक्षात मी तिचा हात धरला होता. तिनं सोडवून घेतला. मला तेव्हा कळलं बापू, की तिनं तुम्हाला माझ्यासाठी मारलं नाही. म्हणजे माझ्यासाठीही मारलं, पण नुसतं तेवढंच नाही. पोराचा पाय सडतोय आणि तरी न येणारा जिवंत नवरा तिला चालत नव्हता. त्यापेक्षा तिला मेलेला चांगला माणूस परवडला. घरी येऊन तिनं पितळेचा कप घासला आणि माझ्या चहाला दिला. मी प्यालो. तोंडात चव नव्हती.

आता दुपार आहे, गल्लीतले लूम चालू आहेत, माय आतल्या खोलीत पडली आहे. उद्या निकाल. बाई म्हणतात आपल्या बाजूनं लागेल. लागला की दाखला, पेढीनामा म्हणजे वारसांची यादी, शेजाऱ्याची सही, मग पाय. पाय थांबला तर. मी मनापासून मागतो की तुम्ही मेला असाल, आणि दारात जरा चप्पल वाजली की मान वळते. हे पत्र कुठं टाकू? माय म्हणते निखाऱ्यावर जे टाकावं ते पितरांना पोचतं. लिहायला घेतलं तेव्हा मनात तेच होतं, चुलीत घालीन म्हणजे तुम्हाला मिळेल. पण ते मेलेल्यालाच मिळतं ना. म्हणून घडी घालून गादीखाली ठेवतो.

आणि एक सांगायचं राहिलं, मायला कळू देऊ नका. आखाजीला घास टाकताना ती म्हणाली नाव घे, तेव्हा मी आजोबांचं नाव दोनदा घेतलं.