ह्यांच्या ताटातली खीर

मार्गशीर्ष शुद्ध ३, शके १८०९. ठाणे

आजही ह्यांनी ताटात अर्धी वाटी खीर ठेवली! अकरा वर्षं ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवते आहे, पण एरवी हे ताट चाटूनपुसून उठायचे. लिहावाचायला शिकवलं ते ह्यांनीच, तरी दोन शब्द गोड बोलतील तर शपथ! आणि आता चार दिवस झाले, "तुझ्यासाठी ठेवलीय, टाकू नकोस," म्हणतात आणि कचेरीत जातात. मला मेलीला रडूच आलं.

शुद्ध ५

सकाळपासून ओकाऱ्या. पोटात नुसती आग. शेजारची गोदा धावत आली. ह्या गावात माझं माणूस म्हणजे तीच. म्हणाली, अगं, दिवस गेले असतील तुला! देवा, अकरा वर्षांनी? ह्यांना सांगितलं तर पागोटं उचलून कचेरीला निघाले. आनंद झाला की नाही, काही कळेना.

शुद्ध ८

रखमाबाई सुईण येऊन गेली. तसलं काही नाही म्हणाली. खूप रडले. मग हे आहे तरी काय? अन्न तेच, ताट तेच — हे ठणठणीत आणि मी अंथरुणात!

शुद्ध ९

दोन दिवस स्वयंपाक गोदाच करते आहे. तिचे यजमान त्र्यंबकभावोजी कल्याणला रेल्वेत, आठ-आठ दिवस घरी येत नाहीत. हे आणि भावोजी शाळेपासूनचे जिवलग, त्यामुळे घरोबाच आहे.

आज ह्यांनी खिरीची वाटी भरलेलीच ठेवली. "सगळी संपव, ताकद येईल," म्हणाले. मला तर अन्नाचा वास सोसवेना. बोलले नाही, उगाच वाईट वाटेल. हे गेल्यावर जरा पडले. पाण्याला उठले तर — गोदा ह्यांच्या ताटावर बसलेली! माझ्या जागी! पदर सावरून शांतपणे जेवत होती. खिरीची वाटी बोटानं पुसून खाल्ली.

तशीच मागे फिरले. परक्या पुरुषाचं उष्टं कुणी बाई खाते का? आपल्या माणसाचंच खाते. म्हणजे किती दिवस चाललंय हे? वाटलं, जावं आणि झिंज्या उपटाव्यात. पण सकाळी माझे पाय चेपत कोण बसलं होतं? तीच ना! भावोजींना कळवू? आणि काय लिहू, की तुमची बायको ह्यांच्या ताटात जेवली? डोकं चालत नाही.

शुद्ध १०

गोदा गेली. काल दुपारपासून ओकत होती, अगदी माझ्यासारखीच, पण माझ्या दसपट. कालच दिवेलागणीला संपलं.

त्यानंतर हे कचेरीतून आले तेव्हा मी दारात उभी होते. मला पाहून पांढरेफटक पडले. गोदा गेली म्हणून सांगितलं, तर कशानं, केव्हा, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले,

"आज माझ्या ताटात कोण जेवलं?"