वन्संची शहाळी

बुधवार, दिवेलागणीनंतर

आज मी ह्यांच्या हातातून पेला हिसकावून घेतला. तोही वन्संच्या देखत.

धाकट्या भावाला बघायला वन्सं मालगुंडहून आल्या, त्या पिशवीभर शहाळी घेऊन. परसातल्या माडाची. आजाऱ्याकडे जाताना शहाळं न्यावं, हेच आपण जन्मभर बघितलेलं. पण डॉक्टरांनी गेल्या आठवड्यातच बजावलंय, रक्तात पोटॅशियम वाढलंय, किडन्या ते बाहेर टाकत नाहीत, असंच वाढत गेलं तर हृदय थांबेल. मी बटाटासुद्धा उकडून त्याचं पाणी ओतून देते. आणि चहा टाकायला आत वळले तेवढ्यात ह्यांनी पेला ओठाला लावला! किती प्यायले? "एकच घोट गो," म्हणतात. खरं असेल?

वन्सं भडकल्या. "आमच्या माडाचं पाणी म्हणजे काय विष?"

"ह्यांच्यासाठी विषच," मी म्हटलं. असं तोंडावर बोलायला नको होतं. की हवं होतं?

पेला मोरीत ओतला. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. आता भांडण होणार असं वाटलं, तर अगदी हळू म्हणाल्या, "मग आता येताना मी त्याच्यासाठी आणू तरी काय?"

केळी, आंबे, फणस, सुकी मासळी... मनातल्या मनात मी एकेकावर फुली मारत राहिले. 'नुसत्या या' म्हणायचं सुचलं, तेव्हा त्यांची एसटी सुटली होती.