शेकोटीतला हात

२२ डिसें., सोम.
आईला नागपूरहून येऊन तीन आठवडे झाले. जर्सी सिटीचा वारा, ती घरातही दोन स्वेटर घालून. सकाळी टीव्हीवर शेकोटी लावून दिली. क्रिसमसला इथे लावतात तो व्हिडिओ, नुसती लाकडं जळत असतात, संपला की पुन्हा पहिल्यापासून. आईने तळवे पुढे धरले, मग स्वतःलाच हसली. मी ऑफिसला.
म्हणजे, ऑफिसने न्यू इयरपर्यंत घरूनच काम करा म्हटलंय. आईला सांगितलेलं नाही.

२३, मंगळ.
मॅनहॅटन. अख्ख्या मजल्यावर मी एकटी. काम दोन तासांचं.
घरी थांबले की आईचं बोलणं बाबांच्या शेवटच्या आठवड्यावर येतं. कोण भेटायला आलं, बाबा काय म्हणाले. मी तेव्हा इथे, प्रोजेक्ट सोडून निघाले नाही. ती मला बोल लावत नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

२४, बुध.
संध्याकाळी आले, तर तीच शेकोटी चालू.
"अगं, दुसरं काही लावायचं ना!"
"तूच म्हणाली होती, रिमोटला हात लावू नको."
म्हणाले होते. पहिल्याच आठवड्यात, नको त्या आवाजात. आता शिकवायला बसले तर म्हणते, राहू दे, हेच बरं आहे.

२५, गुरु.
आज खरीच सुट्टी. तिच्या शेजारी बसले. एकदम म्हणाली, "थांब, आता डावीकडचं लाकूड पडते." पडलं. "आता तो येईल."
पडद्याच्या कडेने लाल स्वेटरची बाही, एक हात. लाकूड सारलं, गेला. असं कुणी त्यात आहे हे मला माहीतच नव्हतं.
"तासातासाने येतो. तो आला की मी चहा ठेवते. कोणी घरी आल्यासारखं वाटते."
"दर तासाला चहा?"
"नाही गं. सकाळचा आणि चारचा."
बाथरूममध्ये नळ सोडून रडले. लाज वाटते स्वतःची.

२६, शुक्र.
ऑफिसला जायची गरजच नाही, हे सांगून टाकायचं ठरवलं होतं. तरी सकाळी बूट चढवले, बॅग घेतली.
"त्याची वेळ झाली. बघून जा ना," आई म्हणाली.
बुटांसकट सोफ्यावर बसले. हात आला, लाकूड सारलं, गेला.
"हा पण थांबत नाही," म्हणाली आणि उठली.
सोफ्यावरच लिहितेय. ती ओट्याशी चहा ठेवतेय, मी निघणार असं धरून एकच कप काढलाय. एक बूट काढला मी. ती इकडे वळली की सांगते. दुसरा अजून पायातच—