दोनशे बारा बाटल्या राखीव

तीर्थरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर अजून पुरती वाकत नाही, तेव्हा सध्या कागदावरचाच गोड मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? इकडे सगळं ठीक. तुझी लेक वेळेवर जेवते, वेळेवर कॉलेजात जाते आणि वेळेवर माझी टिंगल करते. उद्या संध्याकाळी ती घरी येतेय, तिच्याच हाती हे पत्र देतोय. फोन करणार होतो, पण फोनवर बोलावं लागतं. मी कालपासून कामावर रुजू झालो. तीन आठवडे मी नव्हतो तर दवाखान्याच्या स्टोअरमध्ये कोणा महाभागाने बँडेजची खोकी डोळ्यांच्या थेंबांच्या फळीवर रचून ठेवली होती, ती जागच्या जागी लावली. आणखी बातमी म्हणजे समोरच्या औषधखिडकीतल्या बाईंची बदली झाली, शनिवारी त्या जाणार. (हे आपलं सहज कळवलं. पुढच्या मजकुराशी याचा काडीचा संबंध नाही.)

आता मुद्द्याचं. अक्का, मी हादरलोय. हातपाय गार पडावेत असं काही या वयात होईल असं मला वाटलं नव्हतं, आणि तेही एका व्हिडिओ गेममुळे! मी स्टुलावरून पडलो हे तुला माहीत आहे. का पडलो ते मी सांगितलं नव्हतं. कापसाचे दोन गठ्ठे अगदी वरच्या फळीवर, मागच्या बाजूला, कुणाच्या नजरेला पडणार नाहीत असे राखीव ठेवायला चढलो होतो. (ते अजून तिथेच आहेत. सुखरूप.) डॉक्टरांनी आडवं केलं. आडवा पडून मी तुझ्या लेकीला तिची पुस्तकं उंचीप्रमाणे लावायला सांगू लागलो, मग पातेली, मग चपला. चौथ्या दिवशी तिने आपलं खेळाचं यंत्र आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, मामा, हे घे आणि मला सोड.

या खेळात आपण एक माणूस व्हायचं असतं. दुसऱ्याची भूमिका घ्यायची आणि त्याचं आयुष्य जगायचं, गावोगाव हिंडायचं, लोकांची अडलेली कामं करायची, आणि शेवटी डोंगरावर एक राक्षस बसलाय त्याला गाठायचं. म्हटलं पोरांचा खेळ आहे, होऊन जाऊ दे. पण पहिला धक्का दारातच. खेळ सुरू व्हायच्या आधी ते आपल्याला वीस गुण देतात आणि म्हणतात, वाटा. बळ, चपळाई, ओझं उचलायची ताकद आणि बोलणं. पुढे काय वाढून ठेवलंय याचा पत्ता नाही, आणि आताच ठरवा! जन्माला येताना आपल्याला कोणी असं विचारलं होतं का? (तुला विचारलं असावं. तू वीसच्या वीस बोलण्यात टाकलेस.) मी दोन दिवस घेतले. रेघा आखून तक्ता केला. ओझ्याला नऊ, बळाला सहा, चपळाईला चार आणि बोलण्याला एक. शून्य देता येत नव्हतं म्हणून एक. तुझी लेक म्हणाली, मामा, बोलण्यात टाक ना थोडे. मी म्हटलं, राक्षसाला मारायचंय, त्याची मुलाखत घ्यायची नाहीये.

दुसरा धक्का म्हणजे त्या जगात कोणीही कोणाच्याही घरात घुसतं, कपाटं उघडतं, वस्तू खिशात घालतं, आणि घरचे लोक शेजारी उभे राहून हवापाण्याच्या गप्पा मारतात. पहिल्या घरात मी तर माफी मागायचं बटण शोधत होतो. मग एका कपाटात लाल औषधाची बाटली सापडली. प्यायली की जखम भरते. अक्का, औषधाची बाटली दिसली की माझं काय होतं ते तुला सांगायला नको. तुझी लेक पुढच्या गावी चल म्हणून मागे लागली, पण मी नऊ दिवस पहिल्या गावातून हललो नाही. घर न घर धुंडाळलं. पुढचा विचार नको का करायला? रानडुकराने धडक दिली, माणूस अर्धमेला झाला, तुझी लेक ओरडतेय, पी ना रे एक! मी म्हटलं राहू दे, लागेल. आणि लंगडत लंगडत धर्मशाळेत जाऊन फुकट झोपून बरा झालो. स्टोअरमध्ये मला पाठीमागे ‘लागेलसाहेब’ म्हणतात ते मला ठाऊक आहे. तू लग्नात दिलेले टॉवेलही अजून पुडक्यात आहेत. (तुझ्या लग्नात. माझं झालेलं नाही, हे मी विसरलेलो नाही.) तर अशा रीतीने डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत माझ्या पिशवीत दोनशे बारा बाटल्या जमल्या.

इथे एका व्यक्तीबद्दल सांगायला हवं. तिसऱ्या गावात एक वैदीण आपल्याबरोबर चालू लागते. वय आपल्यासारखंच, तोंड जरा तिखट, काम चोख. न सांगता जखम बांधते, न विचारता मागून येते. गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. मला ती पहिल्यापासून बरी वाटायची, का कोण जाणे. (औषधखिडकीतल्या बाई! त्यांच्याबद्दलही आता लिहूनच टाकतो, म्हणजे विषय संपेल. त्यांच्या आणि माझ्यामध्ये दीड हात रुंदीची एक खिडकी आहे. त्या चिठ्ठीवर लिहून पाठवतात: काय हवं, किती नग, कधी. मी वस्तू काढतो, चिठ्ठीवर ‘दिले’ लिहून सही करतो. अकरा वर्षं हेच चाललंय. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी जे बोललो त्यात ‘किती?’ आणि ‘उद्या’ हे दोनच शब्द मुख्य. त्यांची आई गेली तेव्हा त्या पंधरा दिवसांनी कामावर आल्या. मी चार दिवस खपून एक वाक्य तयार केलं होतं, चांगलं वाक्य होतं गं. खिडकी उघडली आणि मी म्हटलं, कापूस आलाय. त्या म्हणाल्या, बरं. ते वाक्य अजून माझ्याकडेच आहे. मी पडलो तेव्हा माझा रजेचा अर्ज द्यायला गेलेल्या तुझ्या लेकीबरोबर त्यांनी चिठ्ठी पाठवली होती: ‘स्टोअरकीपर. नग एक. चालू स्थितीत. लवकर.’ ती चिठ्ठी मी फायलीत लावली नाही, उशीखाली ठेवली आहे. संपला विषय.)

तर डोंगरावर जायच्या आधी एक पूल लागतो. पुलावर लुटारू आले, मारामारी झाली, आणि वैदीण जखमी झाली. चांगलीच. पुलाच्या कठड्याला टेकून बसली. खेळ मला विचारतो, हिला एक बाटली देता? अक्का, माझ्याकडे दोनशे बारा होत्या. दोनशे बारा! आणि मी विचार काय केला असेल? पुढे डोंगर आहे, वर राक्षस आहे, तिथे किती लागतील कोणाला माहीत, आणि दोनशे बारा हा आकडा किती छान दिसतोय. मी ‘नाही’ दाबलं. ती माझ्या पिशवीकडे बघते आणि म्हणते, एवढ्यात माझ्यासाठी एकही नाही ना, मग मी जाते. आणि उठली की गं ती. माझी पाचावर धारण बसली. पडद्यावर मला बोलायला तीन उत्तरं आली. पहिलं ‘जा’. दुसरं ‘बरं’. तिसरं ‘थांब’. पण तिसरं पुसट, राखाडी, आणि शेजारी बारीक अक्षरांत: बोलणं किमान पाच हवं. माझं एक! मी दाबतोय, दाबतोय, अंगठा दुखला, खेळ ढिम्म. शेवटी मी अंथरुणात उठून बसलो आणि खऱ्या तोंडाने ओरडलो, थांब! तुझी लेक स्वयंपाकघरातून हातातल्या झाऱ्यासकट धावत आली, तिला वाटलं मी पुन्हा पडलो. ती वैदीण तिथेच उभी होती, माझ्या उत्तराची वाट बघत. खेळात उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी ‘बरं’ दाबलं. ती पूल ओलांडून गेली, एकदाही वळून पाहिलं नाही.

मी म्हटलं मागे जाऊ, आपण आधी जिथे होतो तिथे. तसं जाता येतं म्हणे, खेळ मधूनमधून जपून ठेवायचा असतो, त्यासाठी तीस जागा दिलेल्या असतात. मी एकच वापरली होती, दर पावलाला तिच्यावरच नवं लिहीत गेलो, आणि बाकीच्या एकोणतीस राखीव ठेवल्या. तुझ्या लेकीने कपाळाला हात लावला. मग काय, गेलो एकटाच डोंगरावर. ओझ्याने माणूस गोगलगाईसारखा चालतोय. राक्षस समोर आला, त्याने पहिला तडाखा दिला, आता बाटली काढायची तर कोणती, सगळ्यात जुनी आधी हा स्टोअरचा नियम, म्हणून मी पिशवीत जुनी शोधत बसलो, आणि तेवढ्यात दुसरा तडाखा. खेळ संपला. पडद्यावर यादी आली. न वापरलेल्या बाटल्या, दोनशे बारा. अक्का, माझे डोळे पांढरे झाले. मी आयुष्यभर ज्याला दूरदृष्टी म्हणत आलो ती ही? एवढी तजवीज करून मी मेलो कसा?

त्या दिवशी तुझ्या लेकीने टिंगल केली नाही, त्यानेच मी जास्त घाबरलो. चहा करून दिला, शेजारी बसली आणि विचारलं, मामा, त्यांची बदली कधी आहे रे? मी म्हटलं कोणाची? ती म्हणाली, बरं. असो. भावजींना नमस्कार सांग, गुडघ्यांना तेल लाव आणि माझी काळजी करू नकोस.

तुझा,
साठवून ठेवलेला भाऊ

ता. क. १ : पत्राचं खरं कारण असं की तू शुक्रवारी ये. काहीही करून ये. खिडकीशी उभी राहा आणि त्यांच्याशी तू बोल. काय बोलायचं ते तुला कळलंच असेल, आणि मला ते लिहिताही येत नाहीये, यावरून काय ते समज. त्या शनिवारी जाणार, अक्का, आणि मग मी कोणाच्या चिठ्ठ्यांवर ‘दिले’ लिहू? सोबत सतरा मुद्द्यांचा कागद जोडलाय. सगळे वाचून दाखवू नकोस.

ता. क. २ : हे घाईने ठरवलं असं समजू नकोस, अकरा वर्षं विचार चालू आहे. तरी गुडघे फारच दुखत असतील तर येऊ नकोस. पुढे बघू काहीतरी.

ता. क. ३ : (बुधवार, दुपार, स्टोअरमधून.) अक्का, घात झाला! पत्र पाकिटात घालत होतो आणि खिडकी उघडली. बाई कपाटाच्या किल्ल्या द्यायला आल्या होत्या. नव्या जागी लवकर बोलावलंय, म्हणजे शनिवार नाही, आजच शेवटचा दिवस. शुक्रवारी तू रिकाम्या खिडकीशी काय बोलली असतीस? त्या म्हणाल्या, येते मग. आणि खिडकी ओढायला लागल्या. माझ्या तोंडात तोच पुसट शब्द, आणि माझं बोलणं एक. तरी मी म्हटलं. ‘थांबा!’ इतक्या मोठ्याने की औषधाच्या रांगेतली माणसं जागच्या जागी थांबली आणि औषध घेऊन निघालेले एक आजोबा परत फिरले. बाईही थांबल्या. पण पुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतं, तेव्हा मी हे पत्रच खिडकीतून आत सरकवलं. एका जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर हे लिहितोय. त्या वाचतायत. रानडुकराला हसल्या. आता हसत नाहीयेत. आता पुलापाशी आल्या असाव्यात, चष्मा काढून पुसतायत. माझी कंबर पुन्हा धरली आहे.

ता. क. ४ : (अक्षर वेगळं आहे, घाबरू नका.) ताई, नमस्कार. मी खिडकीतली. पत्र सगळं वाचलं, सतरा मुद्देही वाचले, त्यातले अकरा कापसाबद्दल आहेत. तुमच्या मुलीने मला हा खेळ दवाखान्यात दाखवला होता. त्यातल्या वैदिणीला चष्मा नाही हो. तो माझा आहे. माझी आई गेली तेव्हाचं ते वाक्य मी आज मागितलं, त्यांनी ते दिलं, अजून चांगलं आहे. नवा दवाखाना बसने पस्तीस मिनिटांवर आहे, इतकं रडण्यासारखं काही नाही हे त्यांना आणि मला दोघांनाही सांगा. तुम्ही शुक्रवारी जरूर या, पण रिकाम्या खिडकीशी नको, यांच्या घरी, आणि बोलायला नको, यांचं ऐकायला या. रीतसर चिठ्ठी खाली देते:

काय हवं : स्टोअरकीपर. किती नग : एक. कधी : रविवारी संध्याकाळी पाच, खिडकीच्या या बाजूला. शेरा : राखीव साठ्यातून द्यावा.

दिले. (सही.)