पहाटे आलेली काळी जाकिटं

घान्झी, २० डिसेंबर

आदरणीय ताई, म्मा-बोनोलो,

डाव्या हाताने उजवं कोपर धरून धाकट्या केबोनयेचा तुला नमस्कार. झोप लागते का, जेवण जातं का, आणि त्या इंग्लंडच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात ते सविस्तर कळव. इकडे गुरं बरी आहेत. (गुरांचं आधी लिहिलं म्हणून रागावू नकोस. वडीलही पत्रात आधी गुरांचं आणि मग आपलं लिहायचे.) तांबडी व्यायली, कालवड झाली. पाऊस अजून नाही. माझा रक्तदाब चढलेला आहे आणि त्याने खाली यावं असं घरात काही घडत नाही. तुझी बोनोलो बरी आहे. तुझं पाकीट मिळालं. आत तिचं तिकडे यायचं तिकीट होतं, तीस जानेवारीचं. खरं म्हणजे त्याबद्दलच लिहायला बसलो आहे, पण एकदम तिथे जायची माझी छाती होत नाही, म्हणून जरा लांबून वळसा घालून येतो.

सप्टेंबरात मी तुला लिहिलं होतं, की पोरीला इथून ने, नाहीतर पुढच्याला मी जबाबदार नाही. ते पत्र मी भीतीपोटी लिहिलं. (हेही भीतीपोटीच लिहितो आहे, पण ही भीती निराळी आहे.) झालं असं, की एका रविवारी मी अंगणात झाडाखाली बसून आंबील पीत होतो. आपल्या घरातून एक माणूस बाहेर आला. गळ्यापासून घोट्यापर्यंत काळं कातडं, खांद्यांवर खिळे, कमरेला बैल बांधायची साखळी, डोक्यावर गुराख्याची रुंद टोपी आणि टोपीवर बोकडाची खरीखुरी शिंगं. मी उठून उभा राहिलो आणि अदबीने 'दुमेला रा' म्हणून त्या साहेबांना नमस्कार केला. (चोराशीही नम्रपणे वागावं, म्हणजे तो कमी मारतो, असं माझं मत आहे.) तो म्हणाला, "मामा, मीच आहे. भाजीत मीठ घातलंय, तू परत घालू नकोस." आणि फाटक नीट लावून निघून गेला. फाटक लावण्याच्या पद्धतीवरून मी ओळखलं, की ही आपली बोनोलो.

ताई, मी भित्रा आहे हे तुला नव्याने सांगायला नको. तीस वर्षं मी जनावरांची रोगराई अडवायच्या गेटवर गाड्या थांबवून लोकांच्या डिकीत कच्चं मांस शोधलं, आणि तीस वर्षं मनात एकच प्रार्थना केली, की देवा, सापडू नये. सापडलं तर बोलावं लागतं. तेव्हा असल्या माणसाने या पोरीला काय विचारायचं? तरी संध्याकाळी धीर करून मी माझ्या अधिकारातला प्रश्न विचारला, शिंगं नीट वाळवलेली आहेत ना? ती म्हणाली, "उकळून, खरवडून, तीन आठवडे उन्हात ठेवली होती, मामा." उत्तर बिनचूक होतं. गेटवरच्या सवयीने मी 'जाऊ द्या' म्हटलं.

मग तिची मित्रमंडळी दिसायला लागली. या मंडळींत आईबापांनी ठेवलेलं नाव कुणी वापरत नाही. एक कबरखोद्या, एक हाडमोड्या, एका मुलीचं नाव राख. आपल्या बोनोलोला, जिचं नाव आपण स्वभाव मऊ असावा म्हणून ठेवलं, तिला ते वावटळ म्हणतात. भर रस्त्यात भेटले, की एकमेकांचे दोन्ही हात पकडून असे गदागदा हलवतात, की सोडवायला जावं असं वाटतं (मी जात नाही), आणि हलवून झालं की एकमेकांच्या आईची तब्येत विचारतात. चाळीस डिग्रीत कातडं घालून रस्त्याच्या मधोमध संथ चालतात. लहान मुलं त्यांना बघून पळून जात नाहीत, उलट त्यांच्याकडे धावतात. हे मला सगळ्यांत भयंकर वाटलं. चौकशी केली तर कळलं, की कबरखोद्या आपल्या वॉर्डातल्या दवाखान्यात बाळांची वजनं करतो. त्या दिवशी मी जेवलो नाही.

शेजारच्या म्मा-दिकेलेदीने कुंपणावरून सुनावलं, "केबोनये, तुझ्या घरात कोणाला बोलावणं चाललंय ते तुझं तू बघ, पण माझ्या कोंबड्या अंडी घालेनाशा झाल्यात." मी घाबरून माझ्या दोन कोंबड्या तिला देऊन टाकल्या. (त्या घालतात म्हणे.) मग तिच्याच सांगण्यावरून मी चर्चमधल्या प्रार्थनेवाल्या बाबांकडे गेलो. त्यांनी मंतरलेलं मिठाचं पाणी दिलं आणि पोरीच्या वस्तूंवर शिंपडायला सांगितलं. मी तिच्या बुटांवर शिंपडलं. सैतान गेला की नाही कळलं नाही, पण काळ्या कातड्यावर मिठाचे पांढरे डाग पडले. बोनोलोने विचारलं, "हे कशाने झालं?" मी म्हटलं, पावसाने. ताई, एप्रिलपासून पाऊस नाही! तिने माझ्याकडे एकदा बघितलं, वासलीनचा डबा घेतला आणि तासभर बूट पुसत बसली. एक शब्द बोलली नाही. त्या न बोलण्याला मी इतका भ्यालो, की दुसऱ्याच दिवशी तुला ते पत्र टाकलं.

आता डिसेंबरातलं ऐक. पहिल्या आठवड्यात, अजून उजाडायचं होतं, बोनोलो बेकरीत पहाटेच्या पाळीला गेलेली, आणि मी दात घासत फाटकाशी आलो तर बाहेर पाच जण जमिनीवर ओळीने बसलेले. माना खाली. पाचांच्याही अंगात जाकिटं, गळ्यापर्यंत बंद. पहाटे फाटकाबाहेर जाकिटं घालून बसलेली माणसं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला हवं का? तुझ्या वेळी सात कोट बसले होते, आणि वडिलांनी 'मुलगी मागायला आलेल्यांना घाई नसते' म्हणून त्यांना ऊन चढेपर्यंत बसवलं होतं. माझ्या तोंडातला फेस तसाच राहिला. भाचीची मागणी मामाकडे यायची हे बरोबर, पण मामाला निदान आदल्या दिवशी कुणी कळवतं! मी आत गेलो, माझा निवृत्तीच्या दिवशीचा कोट घातला, (खाली झोपायची चड्डी होती हे नंतर लक्षात आलं) आणि बाहेर येऊन स्टुलावर बसलो.

"रा, आम्ही तुमच्या मुलीसाठी आलोय," कबरखोद्या खाली मान घालून म्हणाला.

मी विचारलं, तुमच्यापैकी कोणासाठी?

"आम्हा सगळ्यांसाठी, रा."

कबरखोद्या पुढे सांगत होता, की आधीची एक होती, ती गेल्या महिन्यात लग्न करून निघून गेली, आणि तिच्यावाचून त्यांचं सगळं अडलं आहे. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. हो म्हटलं असतं तर तू मला जिवंत ठेवलं नसतंस. मग मला एक युक्ती सुचली. मुलीच्या मोबदल्यात द्यायच्या गुरांचा आकडा असा सांगावा, की हे आपणहून उठून जातील. मी डोळे मिटले आणि म्हटलं, बारा गायी आणि एक बैल.

मग हाडमोड्या हळूच म्हणाला, "बारा? दोन दिवसांसाठी?"

ताई, माझी पाचावर धारण बसली. कुंपणापलीकडून म्मा-दिकेलेदीचा आवाज आला, "दोन दिवसांसाठी असेल तर वीस माग!" आणि कबरखोद्या अगदी समजुतीने मला सांगत होता, "रविवारी संध्याकाळपर्यंत आणून सोडतो, रा. तुमचा विश्वास नसेल तर तुम्हीही चला ना." इथे मी स्टुलावरून खाली आलो. पाचही जण धावले. एकाने मला उचललं, एकाने टोपीने वारा घातला, आणि कबरखोद्याने नाडी बघून "बाळांपेक्षा थोडी जास्त आहे" असं सांगितलं. मग राख जाऊन झाडामागे ठेवलेली गिटार घेऊन आली. चार तारांची, दणदणीत आवाजाची. ती वाजवायला त्यांना माणूस हवा होता. शनिवारी माऊनला कार्यक्रम होता, अनाथ मुलांच्या शाळेवर छप्पर घालण्यासाठी. बोनोलोने त्यांना सांगितलं होतं, की मामाला विचारल्याशिवाय मी घान्झीबाहेर पाऊल टाकणार नाही. आणि कबरखोद्याच्या आजीने बजावलं होतं, की कुणाच्या घरची मुलगी मागायची तर पहाटे जायचं, जाकीट घालून, मामाच्या दारी. लग्नासाठी की गिटारीसाठी, हा फरक म्हातारीला कुणी सांगितला नव्हता.

मी त्यांच्याबरोबर गेलो. शौर्य म्हणून नाही. घरी एकटं बसून काय काय होत असेल याचा विचार करण्यापेक्षा समोर बघणं कमी भीतीचं, असा हिशेब केला. पिकअपच्या मागे साखळ्या, ढोल, खिळे आणि मी. वाटेत माझं जुनं गेट लागलं. तिथला नवा पोरगा आम्हाला बघून खोलीत शिरायला लागला. (मला त्याची दया आली, मीही तेच केलं असतं.) पण त्याने काही सांगायच्या आत ही मंडळी खाली उतरली, औषधाच्या ओल्या पोत्यावर एकेक करून बूट बुडवले, आणि मग पिशव्या उघडून त्यातले सुटे बूटसुद्धा काढून बुडवले. सुटे बूट, ताई! तीस वर्षांत एकाही मंत्र्याने, एकाही पाद्र्याने, एकाही मास्तराने कधी न सांगता सुटे बूट काढले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी शिंपडलेल्या मिठाची मला इतकी लाज वाटली, की पुढचे शंभर किलोमीटर मी बोनोलोकडे बघू शकलो नाही.

आता पुढचं बसून वाच.

दुपारी चारला तिची मंडळी स्टेजवर चढली. माझ्यासाठी त्यांनी सावलीत खुर्ची ठेवली होती आणि दोन धिप्पाड कातडीवाले दोन्ही बाजूंना उभे केले होते, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. बोनोलोने तार छेडली, तोंड उघडलं, आणि त्या पोरीच्या छातीतून असा आवाज निघाला, की मला वाटलं हिला काहीतरी झालं. मी उठून, टोपी हलवत उन्हात जाऊन 'डॉक्टर! डॉक्टर!' असं ओरडलो. आजूबाजूचे पाचशे जण ओरडतच होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. राख माझ्या कानाशी येऊन सांगायला लागली, की घाबरू नका, हे तिचंच गाणं आहे, तिनेच लिहिलंय. शब्द मला कळत नव्हते, तर तिने एकेक ओळ सांगितली. बस गेली. धूळ राहिली. मी हात हलवला नाही. सगळे म्हणाले, शहाणी मुलगी.

तू इंग्लंडला निघालीस तो दिवस तुला आठवत असेल. बोनोलो दहा वर्षांची होती. बसस्टँडवर तू रडत होतीस, मी रडत होतो, ती रडली नाही. आपण दोघांनी तिचं किती कौतुक केलं! नऊ वर्षं मी ते कौतुक दारोदार सांगत फिरलो. ताई, त्या पोरीला तेव्हा रडायचं होतं, आणि आपण कौतुक केल्यामुळे तिला रडता आलं नाही. (तुला दोष देत नाही. तू गेलीस म्हणून ती शिकली, घर झालं, गुरं वाढली. मला फक्त वाईट वाटतं, फार वाईट वाटतं, आणि हे मी इतर कुणाला लिहू?) गाणं संपल्यावर ती खाली आली, घामाने निथळत, खिळे चमकत, आणि त्याच घशाने, पण नेहमीच्या आवाजात मला म्हणाली, "मामा, उन्हात टोपी का काढलीस? जेवलास का?"

असो. पत्र लांबलं. तब्येतीला जप, पायमोजे दोन दोन घाल, आणि माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू दे, पण एकदा थंड डोक्याने विचार कर.

तुझा धाकटा भाऊ,
केबोनये

ता. क. तिकीट मी बोनोलोला अजून दाखवलेलं नाही. ती नाही म्हणेल अशी भीती नाही. मी 'जा' म्हटलं तर ती जाईल, एक शब्द न बोलता बॅग भरेल, हीच भीती आहे. तेव्हा ते रद्द करता आलं तर कर. मागे मी लिहिलं म्हणून तू ते काढलंस, चूक माझी आहे.

आणखी एक. रद्द करण्याऐवजी ते उलट करून मिळतं का, म्हणजे तिकडून इकडे, तुझ्या नावावर? इथल्या तिकीटवाल्याने नाही म्हणून सांगितलं, पण तू तिकडे विचारून बघ. ईस्टरला घान्झीतच कार्यक्रम आहे. मी तिला सहज म्हटलं, आईला बोलवायचं का? तर म्हणाली, "तिला रजा मिळत नाही," आणि भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

(खाली निळ्या शाईत, निराळ्या अक्षरात)

आई, मामाने हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. दोनदा म्हणाला, "चिकटव हं, मला वेळ झाला नाही," आणि मग गुरांकडे निघून गेला. जाताना मागे वळून बघत होता.

तिकिटाचं मला माहीत आहे. टपालपेटीची किल्ली माझ्याकडेच असते, ते पाकीट मीच आणलं होतं. बारा दिवस वाट बघतेय, की हा कधी सांगतो.

मी तीस जानेवारीला येणार नाही. रजेचं मला काही माहीत नाही, मी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारते. तू ये.

बोनोलो